चोवीस खुर्च्या आणि रोज बदलणारा मेन्यू : सोनोमातले माझे सहा महिने

मेन्यूवर तारीख होती, ही गोष्ट मला सगळ्यात आधी दिसली.

मार्च २०२३. लग्नाचा वाढदिवस म्हणून आम्ही कॅलिफोर्नियातल्या सोनोमा काउंटीत, सांता रोझाहून हील्ड्सबर्गला जेवायला गेलो होतो, म्हणजे गावात नाही, गावाबाहेर ड्राय क्रीक व्हॅलीच्या बाजूला एक जुनं लाकडी घर आहे, त्याचं रेस्टॉरंट केलंय, तिथे. बाहेर अंधार पडत होता, द्राक्षाच्या वेलांवर अजून एक पान नव्हतं आणि दोन ओळींच्या मधे मोहरी पिवळीधम्मक फुललेली. आत मोजून चोवीस खुर्च्या. मेन्यू म्हणून हातात अर्धं पान दिलं, वर त्या दिवसाची तारीख, खाली जेमतेम आठ पदार्थ. पहिलं होतं पातीच्या लसणाचं सूप. ते इतकं आवडलं की मी वेट्रेसला विचारलं, पुढच्या शनिवारी आईबाबांना घेऊन आले तर हे मिळेल ना? ती म्हणाली, नाही, लसूण संपला, शेतकऱ्याकडे तेवढाच होता.

बस. घरी येताना गाडीत मी तेवढंच बोलत होते. रेस्टॉरंटमध्ये एखादी गोष्ट संपते आणि ती परत एक वर्षाने येते, हे मला माहीतच नव्हतं. नवरा म्हणाला, मग जाऊन विचार ना त्यांना. एच-फोर व्हिसावर (नवऱ्याच्या नोकरीमुळे मिळतो तो) येऊन मला सहा वर्षं झाली होती, कामाची परवानगी हातात होती आणि आधीचं ऑफिसचं काम मी जानेवारीत सोडलं होतं. घरी स्वयंपाक करणं वेगळं आणि हे वेगळं, कळत होतं सगळं, पण मी मेल टाकला. उत्तर आलं तीन महिन्यांनी, जूनच्या शेवटी, मी विसरूनही गेले होते. शेफ (मालकीणही तीच) म्हणाली, गुरुवारी बाराला ये, चार तास काम कर, पैसे देईन, मग बघू.

त्या चार तासांत मी फक्त फावाच्या (पावट्यासारख्या जाड) शेंगा सोलल्या. ज्यांनी केलंय त्यांना कळेल. आधी वरची जाड शेंग सोलायची, आतल्या बिया उकळत्या पाण्यात अर्धा मिनिट टाकून लगेच बर्फाच्या पाण्यात, आणि मग प्रत्येक बीवरचं दुसरं साल नखाने फोडून आतला हिरवागार दाणा बाहेर काढायचा, एकेक. टेबलावर ढीग होता तो चार तासांनी एका वाडग्यात मावला. शेफ आली, तिने एक दाणा खाल्ला, एक मला दिला आणि म्हणाली, या वर्षीच्या या शेवटच्या. पुढच्या गुरुवारपासून येशील का?

मग कागदपत्रं. कॅलिफोर्नियात अन्न हाताळणाऱ्या प्रत्येकाला कामावर लागल्यापासून ३० दिवसांत फूड हँडलर कार्ड काढावं लागतं, ऑनलाइन कोर्स आणि परीक्षा, कार्ड तीन वर्षं चालतं. त्यात तापमानं पाठ करायची असतात, थंड ठेवायचं ते ४१ फॅरनहाइटच्या खाली, गरम ठेवायचं ते १३५ च्या वर, चिकन आतून १६५. मी ती अगदी शाळेतल्यासारखी पाठ केली, ती पुढे एका ठिकाणी मला नडली, ते सांगतेच. पगार ताशी, त्या वर्षी राज्याचं किमान वेतन साडेपंधरा डॉलर होतं आणि टिपचा वाटा वेगळा, कारण इथे टिप पगारात धरता येत नाही.

आता दिवस कसा चालायचा ते. गुरुवार ते सोमवार फक्त रात्रीचं जेवण. किचनमध्ये आम्ही चौघं, शेफ, सू-शेफ (म्हणजे शेफच्या खालोखालचं माणूस), मी, आणि भांड्यांवर एक काका. काका मूळचे मेक्सिकोतल्या ओआहाकाचे, साठीच्या आसपास, आणि सगळ्यात जास्त वर्षं तेच तिथे होते. अकराच्या सुमाराला मागच्या दारी क्रेट यायला लागायचे. कोणी शेतकरी स्वतः पिकअप घेऊन यायचा, कोणी आदल्या रात्री मेसेज करायचा की काय किती आहे. एक वाजता शेफ क्रेटमधलं थोडं थोडं उचलून टेबलावर मांडायची, आम्ही सगळे ते कच्चंच खाऊन बघायचो आणि मग ती पेन्सिलीने मेन्यू लिहायची. चार वाजता आमचं जेवण, त्याच्या आत मेन्यू प्रिंट. साडेपाचला पहिलं टेबल.

मी आधी समजत होते की शेफच्या डोक्यात पदार्थ असतो आणि मग ती तसं सामान मागवते. इथे उलटं होतं. सामान यायचं आणि पदार्थ त्यातून निघायचा. आणि हे फक्त चोवीस खुर्च्या आहेत म्हणून जमतं, हे कळायला मला दीडेक महिना लागला. एक म्हातारं जोडपं होतं, त्यांच्या परसात अंजिराची तीन झाडं. तीन झाडांची अंजिरं दीडशे माणसांच्या रेस्टॉरंटला काय पुरणार, ते तर मोठ्या वितरकाकडूनच घेणार, वर्षभर एकसारखं मिळतं ते. पण आम्हाला एका संध्याकाळी तीस-पस्तीस अंजिरं आली तरी एक पदार्थ उभा राहायचा. म्हणजे लहान असणं ही काही नुसती हौस नाही, लहान आहे म्हणूनच ती तीन झाडं मेन्यूवर येऊ शकतात. मला हे इतकं पटलं की मी भेटेल त्याला सांगत सुटले होते.

जुलैमध्ये मात्र टोमॅटो नव्हते. सगळे गिऱ्हाईक विचारायचे, कॅलिफोर्नियात जुलै आणि टोमॅटो नाहीत? पण २०२३ चा हिवाळा प्रचंड पावसाचा गेला होता, वसंत थंड, उन्हाळाही थंड, सगळंच दोन-तीन आठवडे मागे पडलेलं, द्राक्षंसुद्धा. त्यामुळे जुलै आम्ही काढला तो भोपळ्याच्या फुलांवर, बटाट्यांवर आणि सांता रोझा प्लमवर. हा प्लम म्हणजे आमच्याच गावचा, ल्यूथर बरबँक नावाच्या माणसाने १९०६ मध्ये आणलेला, तो पन्नास वर्षं सांता रोझात राहून झाडांवर प्रयोग करत होता, त्याची बागही अजून आहे. मी त्या बागेवरून रोज गाडी नेत होते आणि फळ कधी खाल्लं नव्हतं. बाहेरून आंबट साल, आत लालबुंद रस, नीट पिकला की हातात धरवत नाही इतका मऊ होतो, म्हणूनच दुकानात फारसा दिसत नाही. भोपळ्याची फुलं साफ करणं माझ्याकडे होतं. फूल हळूच उघडून आत बघायचं, कारण नर फुलात कधी कधी रानटी मधमाशी झोपलेली असते, फूल मिटलं की ती आतच राहते. पहिल्यांदा मिळाली तेव्हा मी दचकले, नंतर मी ते फूल मागच्या दाराशी नेऊन वाफ्याच्या कडेला ठेवायचे, ऊन लागलं की ती निघून जायची.

ऑगस्टच्या दुसऱ्या आठवड्यात टोमॅटो आले. ड्राय फार्म केलेले, अर्ली गर्ल जातीचे. म्हणजे रोप धरलं की पाणी बंदच करतात, मुळं खाली ओल शोधत जातात, फळ लहान राहतं पण चव अशी एकवटते की मी पहिला टोमॅटो चिरला आणि फळीवर पाणी सुटलंच नाही, आतून घट्ट मांसल. इथे उन्हाळ्यात पाऊस जवळजवळ नसतोच म्हणून हे शक्य होतं. चार क्रेट आले होते. सोमवारी रात्री आवरताना मला वाटलं, आता दोन दिवस बंद, एवढे महागाचे टोमॅटो बाहेर कसे ठेवायचे, कार्डाच्या परीक्षेतलं ४१ फॅरनहाइट डोक्यात पक्कं, मी चारही क्रेट वॉक-इनमध्ये (खोलीएवढ्या फ्रिजमध्ये) नेऊन ठेवले, वर निळी टेप लावून तारीखही लिहिली.

गुरुवारी शेफने वॉक-इन उघडला आणि ती काहीच बोलली नाही. एक टोमॅटो काढला, चिरला, मला दिला. मग खिडकीतल्या परडीत दोन राहिले होते त्यातला एक चिरून दिला. डोळे मिटून खा म्हणाली. परडीतला टोमॅटो तोंडात टाकला की नाकापर्यंत वास जात होता, पानाचा, उन्हाचा, गोड आणि जरा तिखटसा. वॉक-इनमधला नुसता आंबटगोड, वास गेलेला. थंडीत टोमॅटोचा सुगंध तयार करणारी यंत्रणाच मंदावते, बाहेर काढून ठेवला तरी पहिल्यासारखा होत नाही. नियम मी बरोबर पाठ केला होता, पण तो चिरलेल्या टोमॅटोला लागू आहे, अख्ख्याला नाही. मला रडू येत होतं, चार क्रेट म्हणजे एका शेतकऱ्याचा आठवडा. शेफने फळ्यावर लिहिलेलं 'टोमॅटो, मीठ, तेल' पुसलं. कच्चे चालणार नाहीत म्हणाली, सगळे अर्धे कर, मंद आचेवर रात्रभर भाज. भाजल्यावर ते असे काही घट्ट आणि गोड झाले की पुढचे चार दिवस भाजलेला टोमॅटो आणि पांढरे घेवड्याचे दाणे हाच पदार्थ सगळ्यात आधी संपत होता. पण शेतकरी आला तेव्हा तिने त्याला खरं ते सांगितलं, माझं नाव न घेता, 'आमच्याकडून थंडीत गेले' असं. तो 'आमच्याकडून' मी विसरणार नाही.

त्याच्याच पुढच्या आठवड्यातली गोष्ट. कोथिंबिरीच्या क्रेटमध्ये खाली एक जुडी आली, लालसर देठ, जाडसर चमच्यासारखी पानं. मी ओरडलेच, घोळ! काका तिकडून म्हणाले, वेर्दोलागास! एकाच भाजीकडे बघून दोघं दोन भाषांत. ती शेतात तणासारखी माजते, शेतकऱ्याने सहज टाकली होती. काकांची आई ती टोमॅटियोच्या (टोमॅटोसारखं दिसणारं आंबट हिरवं फळ) रश्शात डुकराच्या मटणाबरोबर करायची, माझी आजी डाळ घालून, वरून लसणाची फोडणी. शेफने त्या दिवशीचं स्टाफचं जेवण आम्हा दोघांवर सोपवलं. मी डाळ-घोळ केली, त्यांनी रस्सा केला, सू-शेफने दोन्ही एकाच ताटलीत वाढून घेतलं. नंतर शेफने कोवळी पानं कच्ची खाऊन बघितली, आंबटसर, कुरकुरीत, आणि शनिवारपासून घोळ मेन्यूवर, काकडीबरोबर. शेतकऱ्याला निरोप गेला की तण उपटून टाकू नकोस, आम्ही घेतो.

त्या सॅलडवर व्हिनेगर घालायचं नाही हे तिचं ठाम होतं आणि इथे वाइनचा विषय सुरू होतो. व्हिनेगरची धार वाइनची चव मारते, ज्या गावात माणसं जेवायला येतात तीच मुळी बाटली बरोबर घेऊन, तिथे ते करून चालत नाही. आमच्याकडे निम्मी टेबलं वाइन करणाऱ्यांची असायची, स्वतःची बाटली आणायची, कॉर्केज (स्वतःची बाटली आणल्याचा आकार) द्यायचं, आणि हे कशाबरोबर चांगलं लागेल ते बघ असं शेफला सांगायचं. तर व्हिनेगरऐवजी आम्ही वापरायचो व्हर्जू. द्राक्षं रंग धरायला लागतात तेव्हा वेलावरचे जास्तीचे घड कापून खाली टाकतात, उरलेल्यांना जोर मिळावा म्हणून. बहुतेक ठिकाणी ते घड मातीतच सुकतात. आमच्या शेजारच्या पिनो न्वारच्या (वाइनच्या काळ्या द्राक्षाची एक जात) मळ्यातून तो माणूस दोन क्रेट भरून द्यायचा. गोट्यांसारखी कडक हिरवी द्राक्षं, एखाद्या घडात एखादाच मणी जांभळा. ती देठं काढून, हाताने चुरगाळून, मिक्सरवर अगदी थोडी फिरवून मलमलच्या कपड्यातून गाळायची. रस आधी पोपटी असतो आणि दहा मिनिटांत डोळ्यांदेखत तपकिरी होतो. आंबट, पण लिंबासारखा टोचत नाही. दोन क्रेटमधून जेमतेम पाच बाटल्या. माझी बोटं दोन दिवस चिरल्यासारखी झोंबत होती. पण त्या रसात वाइनमधलंच आम्ल असतं, त्यामुळे भाजी आणि पेला एकमेकांशी भांडत नाहीत, हे तोंडात कळतं.

ऑगस्टमध्येच सफरचंदंही येऊन गेली, ग्रेव्हनस्टाइन. सबास्टोपोलच्या बाजूची. देठ आखूड म्हणून पिकायच्या आत पडतात, टिकत नाहीत, दूर पाठवता येत नाहीत. दुसऱ्या महायुद्धात इथून सैन्यासाठी त्याचा सॉस आणि सुकवलेल्या फोडी जायच्या. आता निम्म्याहून अधिक बागा उपटून तिथे द्राक्षं लावली आहेत, कारण पिनो न्वारला जो पैसा मिळतो तो सफरचंदाला नाही. मला याचं वाईट वाटतं. ज्या वाइनमुळे आमच्यासारखं रेस्टॉरंट चालतं, तिनेच ती झाडं खाल्ली. शेफने त्या तीन आठवड्यांत शक्य तितकी घेतली, ताजी, टार्टमध्ये, सॉस करून फ्रीझरमध्ये, आणि शेतकऱ्याला जो भाव लागेल तो दिला.

मग काढणी. हील्ड्सबर्गच्या भोवती तीन खोरी मिळतात, ड्राय क्रीकमध्ये झिनफँडेल, अलेक्झांडरमध्ये कॅबरने, आणि रशियन रिव्हरमध्ये समुद्रावरून नदीच्या वाटेने धुकं आत येतं म्हणून पिनो न्वार आणि शार्डने. बुडबुड्यांच्या वाइनची द्राक्षं सगळ्यात आधी तोडतात, साखर कमी असतानाच. झिनफँडेल त्या वर्षी ऑक्टोबर उजाडला तरी वेलावर. शेजारच्या वाइनमेकरने मला एकदा दाखवलं, मणी चिरडून रसाचा एक थेंब काचेवर टाकायचा, दुर्बिणीसारखं डोळ्याला लावायचं, आत निळ्या-पांढऱ्याची सीमा जिथे दिसेल तेवढं ब्रिक्स, म्हणजे साखर. पण तो आकड्यावर थांबला नाही, बी काढून चावून बघितली. हिरवी बी कडू, मऊ. तपकिरी झाली आणि दाताखाली कुटकन वाजली की झालं.

तोडणी रात्री होते, दोन-तीनला, कपाळावर दिवे बांधून, फळ थंड असताना वाइनरीत पोचावं म्हणून. काकांची बायको त्या टोळीत होती. रात्री साडेअकराला आम्ही आवरून निघायचो तेव्हा काका तिच्यासाठी डबा भरून घ्यायचे, कारण ते घरी पोचायचे तेव्हा तिची निघायची वेळ होत यायची. सहा आठवडे ती दोघं एकमेकांना असंच भेटत होती, दारात. मी एकदा रात्री अडीचला मुद्दाम थांबून मळ्याच्या कडेला गाडी लावली. अंधारात दिव्यांची रांग हलत होती, कोयत्यासारख्या वाकड्या छोट्या सुरीने खटखट घड खाली टबात, टब भरला की डोक्यावर घेऊन ट्रॅक्टरकडे पळायचं, चालायचं नाही, पळायचं, कारण पैसे वजनावर. संध्याकाळी आमच्याकडे ती वाइन ज्या किमतीला उघडली जाते ते आठवून माझ्या पोटात तुटलं. यावर माझ्याकडे काही उत्तर नाही. शेफकडेही नव्हतं. तिने एवढं केलं की काढणी संपल्यावर नोव्हेंबरातल्या एका मंगळवारी बाहेरच्यांसाठी रेस्टॉरंट बंद ठेवलं आणि चोवीस खुर्च्यांवर तोडणीवाले आणि शेतकरी त्यांच्या घरच्यांसकट बसवले. काका पहिल्यांदाच पुढच्या खोलीत बसले होते, इस्त्रीचा शर्ट घालून. भांडी मी घासली.

काढणीच्या दिवसांत गर्दी इतकी की रोज दोन फेऱ्या, अठ्ठेचाळीस माणसं, माझे गुडघे रात्री सुजायचे. आणि रोज एक तरी टेबल सामन मागायचं. समुद्र इतका जवळ आणि सामन नाही? पण २०२३ मध्ये कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यावर सामनची मासेमारी पूर्ण बंद होती, दुष्काळाच्या वर्षांत नद्यांमधलं पाणी इतकं आटलं आणि तापलं की परतणारे मासे फारच कमी उरले. बाहेरून मागवता आला असता. एक वितरक फोन करायचा, पाळीव सामन, भाव चांगला. शेफ नाही म्हणायची. त्याऐवजी रॉकफिश, आणि बोटी आल्या की ताजा आल्बाकोर ट्यूना. एका गृहस्थांनी त्यावरून आवाज चढवला तेव्हा आमच्या वेट्रेसने त्यांना नद्यांबद्दल शांतपणे सांगितलं, ते उठून गेले. त्या रात्री शेफने दोन प्लेट मासा आम्हाला वाढला.

ऑक्टोबरमध्ये एक गोष्ट मला कोणी सांगितली नव्हती. वारा सुटला की सगळे गप्प होतात. उत्तरेकडून कोरडा गरम वारा येतो, फोनवर रेड फ्लॅगचा, म्हणजे आगीच्या धोक्याचा, इशारा येतो आणि माणसं चिरता चिरता खिडकीबाहेर बघतात. २०१७ च्या ऑक्टोबरमध्ये अशाच वाऱ्यात टब्स आग एका रात्रीत डोंगर उतरून सांता रोझात शिरली होती, हजारो घरं गेली. सू-शेफच्या आईवडिलांचं कॉफी पार्कमधलं घर त्यात होतं. २०१९ मध्ये किनकेड आगीच्या वेळी अख्खं हील्ड्सबर्ग रिकामं करायला लावलं, तेव्हा शेफने वॉक-इनमधलं होतं नव्हतं ते गाडीत भरलं आणि दक्षिणेला एका छावणीच्या किचनमध्ये जाऊन शिजवलं. हे सगळं तिने मला कांदा चिरता चिरता सांगितलं, तीन दिवस सलग वारा होता तेव्हा. मागच्या दाराशी तिचे चार रिकामे क्रेट कायम उभे असतात, ते कशासाठी हे तेव्हा कळलं. चौथ्या दिवशी सकाळी धुकं आलं. काकांनी दार उघडून हात बाहेर काढला आणि ओला झालेला तळवा आम्हाला दाखवला.

नोव्हेंबरात क्रेटचे रंगच बदलले. क्विन्स आले, कच्चे खाववत नाहीत इतके तुरट, पण चार तास मंद शिजवले की आपोआप गुलाबी होतात, रंग घालावा लागत नाही. पहिला बरा पाऊस झाला आणि ओक झाडांखालून शांतरेल अळंबी आली, मातीने भरलेली, ती पाण्यात बुडवायची नाही, ब्रशने एकेक साफ करायची. आणि आले हाचिया पर्सिमन, केशरी, टोकदार. कडक असताना चावलात तर जीभ बधिर होते.

यांची होशिगाकी, म्हणजे टांगून सुकवलेली पर्सिमन, करायची होती. जपानहून आलेल्या शेतकऱ्यांनी ही पद्धत कॅलिफोर्नियात आणली. फळ सोलायचं, देठाला दोरी बांधायची आणि हवेत टांगायचं. आम्ही पुढच्या खोलीत पूर्वेच्या खिडकीत बांबू आडवा बांधून साठ फळं टांगली, जेवणाऱ्यांच्या डोक्यावर पिवळ्या दिव्यांसारखी दिसायची. आठवड्याने वरून कातडी धरते, मग रोज नाही पण दोन-तीन दिवसांनी प्रत्येक फळ हातात घेऊन हळू चोळायचं, आतला गर मोडायचा, पण कातडी फाटू द्यायची नाही. ते काम माझं होतं. सुरुवातीला आत घट्ट गाठ लागते. दुसऱ्या आठवड्यात ती बोटांखाली सुटते, जेलीसारखी सरकते. तिसऱ्यात फळ आक्रसून जिभेसारखं लांबट होतं. पाच फळं माझ्या हातून फाटली, दोनांना बुरशी आली. मी रोज लवकर यायला लागले, कोणी नसताना, खुर्चीवर उभी राहून साठ, मग पंचावन्न, मग त्रेपन्न.

शेफला ख्रिसमसच्या आठवड्यात खेकडा हवा होता, डंजनेस, इथे त्याशिवाय डिसेंबर होत नाही. पूर्वी नोव्हेंबरच्या मध्यावर बोटी निघायच्या, पण खेकड्याच्या सापळ्यांच्या दोरात हंपबॅक देवमासे अडकतात म्हणून ते समुद्रातून पुरेसे पुढे गेल्याशिवाय हल्ली हंगाम उघडत नाहीत. तारीख पुढे गेली, परत पुढे गेली. बोडेगा बे मधला मच्छीमार दर आठवड्याला फोन करून नाही म्हणायचा, त्याचं स्वतःचं घर त्यावर चालतं, तरी म्हणाला, देवमासे आहेत अजून, मी पाहिलेत. खेकडा निघाला तो थेट जानेवारीत.

माझा शेवटचा दिवस २३ डिसेंबर. रेस्टॉरंट जानेवारीभर बंद असतं आणि मला नंतर दोन महिने भारतात यायचं होतं. एक वाजता टेबलावर मांडलं, शांतरेल, लीक, एक कोबी, शेळीच्या दुधाचं चीज. खेकड्याची जागा रिकामी होती. शेफने बांबूवरचं एक फळ दोरीसकट काढून आणलं. बाहेरून पिठी लावल्यासारखं पांढरं झालेलं, ती पिठी नसते, फळातलीच साखर वर येते. तिने पातळ सुरीने आडवं कापलं, आत मधाच्या रंगाचा, दिव्यासमोर धरलं तर पारदर्शक गर. चौघांना चार चकत्या. काकांनी तोंडात ठेवली आणि बराच वेळ चावलीच नाही.

शेफने पेन्सिल माझ्याकडे दिली. मी वर तारीख लिहिली आणि खाली लिहिलं, होशिगाकी, चीज, अक्रोड.